घरात बोलायची भाषा

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास गौरेशचा निरोप आला, तेव्हा सुलक्षा चहाचं आधण ठेवून ओट्याशी उभी होती. हल्ली तो फोन करत नसे. त्रिनिदादमध्ये शनिवारची रात्र असायची, तिथल्या साडेआठला तो मिनिटभर बोलून आवाज पाठवून द्यायचा आणि इथे म्हापशाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिचा रविवार सुरू व्हायचा. तिने ओलं बोट पदराला पुसून फोनवर ठेवलं. "मी बरा आहे. इकडे पाऊस चालू आहे. सेजलची परीक्षा कशी झाली ते कळव. तब्येतीची काळजी घे. डिसेंबरच्या दहा तारखेला पोचतो, तिकीट काढलं आहे. ठेवतो." निरोप इथे संपायचा. आज संपला नाही. 'ठेवतो' म्हणूनही त्याने बोट उचललं नव्हतं बहुतेक. कुठल्याशा भांड्यावर झाकण पडलं. मग एका बाईचा आवाज आला, लांबट, शेवटाला वर चढत गेलेला. त्यातला एक शब्दही सुलक्षाला कळला नाही. आणि मग गौरेश हसत म्हणाला, "डो स्टडी शी, गर्ल. कम. कम ईट." एवढंच. सहा सेकंद. चहा उतू जाऊन बर्नर विझला, गॅसचा वास नाकाशी आला, तेव्हा ती भानावर आली आणि तिने आधी हवा यावी म्हणून जनेल, ओट्यावरची खिडकी, उघडली.

बाईच्या आवाजाने तिला धक्का बसला असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. दहा वर्षं नवरा सातासमुद्रापार राहतो म्हटल्यावर कुठल्याही बाईच्या मनात एक कोपरा असतोच, तिथे ती दिवा लावत नाही इतकंच. याच इमारतीत चार घरांतले पुरुष जहाजावर होते. जिन्यात भेटल्यावर बायका एकमेकींना तारखा विचारायच्या, बाकी काही नाही. सुलक्षाला हलवलं ते गौरेशच्या आवाजाने. त्या वाक्यातले शब्द इंग्रजी होते, पण ते ऑफिसातलं, विमानतळावरचं, बँकेतलं इंग्रजी नव्हतं. शब्दांची टोकं गिळलेली, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेला, पाय पोटाशी घेऊन जमिनीवर बसल्यासारखी ती बोली होती. ती भाषा घरात बोलायची होती, एवढं तिला अर्थ न कळताही कळलं. भाषा कळायच्या आधी ती कुठे बसून बोलली जाते ते कळतं. आणि तो हसरा, थोडा नाकातला आवाज तिच्या ओळखीचा होता. तो तिने लग्नानंतरची तेरा वर्षं ऐकला होता आणि नंतर ऐकला नव्हता. असा आवाज वयाबरोबर जात असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. तो गेला नव्हता. तो दुसऱ्या स्वयंपाकघरात होता.

ती पणजीच्या एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होती, तालुक्यांच्या पानाची. अठरा वर्षं ती हेच करत आली होती: सत्तरी-पेडण्याचे बातमीदार जे लिहून पाठवायचे त्यातली घरची भाषा काढून तिथे छापायची भाषा बसवायची. 'पावसान घर मोडलें' आलं की 'पावसाने घर कोसळले' करायचं. 'चेडूं' आलं की 'मुलगी'. मुलीला 'तें' म्हणणं तर रोजचंच. बातमीदार बिचारे मराठी लिहिता लिहिता मध्येच घसरायचे, 'ते शाळेतून परत आले नाही' असं एखाद्या हरवलेल्या मुलीबद्दल लिहून जायचे. पहिल्यांदा असं आलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा उपसंपादक निवृत्ती, कोल्हापूरकडचा, मोठ्याने हसला होता. "मॅडम, पोरगी 'ते' कशी वो? खुर्ची हाय का टेबल हाय?" तिने त्याला समजावायचा प्रयत्न केला होता की आमच्यात पोर लहान असतं, आपलं असतं, लाडाचं असतं तोवर ते 'तें', मोठी झाली, परकी झाली, मान द्यायची झाली की 'ती'. निवृत्तीने मान हलवली होती. "म्हंजे जीव असंल तर वस्तू, आन् जीव नसंल तर माणूस. उलटंच हाय की सगळं." मग तोही विसरला आणि तीही. 'ते' खोडून 'ती' करताना तिचा हात कधी अडखळला नव्हता.

ती पेडण्याची, कोरगावची, गौरेश डिचोलीचा. दोन तालुक्यांमध्ये अंतर ते काय, पण लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांचं अर्धं हसणं भाषेवरूनच झालं होतं. तिचं 'बरां', त्याचं 'बरें'. तिचं 'कितां', त्याचं 'कितें'. ती बोलली की तो मालवणहून बोट आली म्हणायचा. तरी दोघांच्या मधली एक तिसरीच बोली वर्षभरात तयार झाली, तिचे काही शब्द, त्याचे काही, काही सेजलने बोबडे करून ठेवलेले. खाणीवरून तो लाल मातीने माखून यायचा, तो मोठ्या यंत्रांचा मेकॅनिक होता, आणि दारातूनच ओरडायचा, "जेवलें मगो?" जेवलीस नव्हे, जेवली नव्हे, जेवलें. तीस वर्षांची बाई, एका पोरीची आई, आणि त्याच्या तोंडात ती 'तें' होती. शेजाऱ्याला सांगतानाही, "तें बाजारात गेलां." ती त्याला 'तूं' म्हणायची. सासूसमोरसुद्धा. तेव्हा यात काही विशेष आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तोंडातली लाळ विशेष आहे असं कोण म्हणतं? मग खाणी बंद झाल्या. दोन वर्षं तो घरी बसला, कदेलावर, जुन्या खुर्चीवर, बसून बसून त्याची पाठ वाकडी झाली, आणि एजंटाने त्रिनिदादमधली एक दगडाची खाण शोधून दिली. सेजल तेव्हा दहा वर्षांची होती.

तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा दारात बॅग ठेवून म्हणाला होता, "तू कशी आहेस?" सुलक्षाला वाटलं, गंमत करतोय. ती म्हणाली, "मी बरी आहे, आपण कसे आहात?" आणि हसली. तो हसला नाही. खोलीवर साताऱ्याचे दोघे जण आहेत, त्यांच्याशी बोलून सवय झाली, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंही असेल. पण महिनाभर तो तसाच बोलला. स्वच्छ, नीट, पुसून ठेवलेल्या कपबशीसारखं. आणि तिच्याही नकळत तिच्या तोंडात 'तुम्ही' आलं, कारण त्या भाषेत नवऱ्याला 'तू' म्हणायची तिची जीभ वळत नव्हती. एकदा 'तुम्ही' आलं की त्याच्यामागोमाग बाकीचं येतं. तुम्ही चहा घेणार का. तुम्हाला उशी देऊ का. पुढच्या दोन सुट्ट्यांत ते दोघे एखाद्या बऱ्या लॉजमधले मॅनेजर आणि गिऱ्हाईक असल्यासारखे एका घरात राहिले, कुणाची काही तक्रार नव्हती. त्याचा मित्र ओंकार भेटायला आला की मात्र गौरेश गॅलरीत त्याच्याशी भराभर डिचोलीचं बोलायचा. ती चहा घेऊन गेली की दोन वाक्यं मराठीत व्हायची. तिला ते दिसत होतं. पण हे दिसणं बोलून दाखवायला कुठलं तोंड? नवरा मारत नाही, पीत नाही, वेळेवर सगळं पाठवतो, फक्त तो माझ्याशी शुद्ध बोलतो; अशी तक्रार कुणाकडे न्यायची?

त्या रविवारी तिने ते सहा सेकंद किती वेळा ऐकले याची गणती नव्हती. संध्याकाळपर्यंत तिने त्याचा अर्थ लावला. शाळेत शिकलेलं इंग्रजी हाताशी होतं: स्टडी म्हणजे अभ्यास. शी म्हणजे ती. डो म्हणजे डोन्ट, ओठांतल्या ओठांत. ती अभ्यास करत नाही. गर्ल, मुलगी. कम, ईट: ये, जेव. म्हणजे बाई तक्रार करत होती की पोर अभ्यास करत नाही, आणि गौरेश म्हणत होता, नाही करत ना अभ्यास, असू दे, ये ग बाय, जेव. अर्थ लागला तेव्हा सुलक्षा पलंगाच्या कडेला बसली. मुलगी होती तर. घर होतं, चूल होती, आणि मुलगी होती.

पुढचा दीड महिना ती त्या मुलीबरोबर राहिली. याला दुसरा शब्द नाही. सकाळी पणजीच्या बसमध्ये जनेलाशी बसली की पोर तिच्यासमोर यायचं: आठेक वर्षांचं, सडपातळ, गुडघ्यावर खपली, केसांच्या दोन वेण्या, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसणारं. सुरुवातीला तिने त्याचा द्वेष करून पाहिला. जमला नाही. द्वेष करायला लागणारा चेहरा त्या बाईचा होता आणि तो तिला दिसत नव्हता. दिसत होतं ते पोर. अभ्यास करत नाही म्हणजे हट्टी असणार. गौरेशसारखं. सेजल पहिल्यापासून वर्गात पहिली-दुसरी. तिच्या अभ्यासाबद्दल बोलायची वेळच आली नव्हती, आणि आता ती फोंड्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, शनिवारी आली तरी कानात इअरफोनची बोंडं घालून. आईशी मराठी, मैत्रिणींशी इंग्रजी. घरची भाषा तिला कळायची, पण ती बोलायची नाही; बाजारात मासळीवालीशी भाव करताना सुद्धा हिंदी. त्या दुसऱ्या पोराशी गौरेश कुठल्या भाषेत बोलत असेल? त्या गिळलेल्या इंग्रजीतच. पण एखादा शब्द त्याने त्याला शिकवला असेलच. जेवलें? आणि ते पोर हसून, जीभ वळवत, तो शब्द चुकीचा म्हणत असेल. म्हापशाच्या बाजारात एकदा ती वह्यांच्या दुकानापुढे थांबली आणि चित्रांच्या वहीवर हात ठेवून उभी राहिली. दुकानदाराने "क्या दिखाऊँ?" विचारल्यावर दचकून पुढे गेली. रस्त्यावर चालताना तिच्या लक्षात आलं की मनातल्या मनात ती त्या पोराला 'तां' म्हणत होती. कोरगावच्या पद्धतीने. तां जेवलां नाय आजून. तां निजलां. कुणा दुसऱ्या बाईचं पोर, आणि तिच्या डोक्यात ते तिच्या आईच्या भाषेत मोठं होत होतं. तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं. कित्येक वर्षांत तिच्या डोक्यात कुणी त्या भाषेत राहायला आलं नव्हतं.

ती भाषा, त्यांची तिथली, कानाला सवय व्हावी म्हणून ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्रिनिदादच्या एका बाईचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची. भारतीय तोंडवळ्याची, पन्नाशीची, जाड बांगड्या घातलेली बाई होती ती. पणजोबा-खापरपणजोबा कधी तरी ऊस तोडायला बोटीतून नेलेले. डाळीला डाळच म्हणायची, भाजीला भाजी, पण उच्चार असे की शब्द ओळखायला क्षणभर लागायचा, जत्रेत वीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमैत्रिणीसारखा. पहिले आठ दिवस नुसता पाऊस पडल्यासारखं वाटलं. मग थेंब वेगळे होऊ लागले. 'डो' म्हणजे 'डोन्ट' हे तिने बरोबर ओळखलं होतं. 'हर' म्हणायच्या जागी ही बाई 'शी'च म्हणायची: गिव्ह शी, टेल शी. सुलक्षातली मुद्रितशोधक हे टिपून ठेवत होती. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी बाई वांगं भाजत होती. आपल्या भरताचं वांगं भाजतात तसंच, थेट जाळावर. साल काढताना थोडी काळी साल आत राहिली, तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "डो स्टडी दॅट, डार्लिंग. डो स्टडी इट." आणि चमच्याने वांगं चेचायला लागली.

सुलक्षाचा घास हातात राहिला. तिने व्हिडिओ मागे नेला. साल राहिली आहे, बाई हसते, अभ्यास करू नका म्हणते. साल राहिली तर अभ्यास कसला? तिकडे लक्ष देऊ नका. मनावर घेऊ नका. जाऊ दे ते. तिने आणखी दोन व्हिडिओ शोधले; एकात बाईची सून गमतीने काहीतरी टोचून बोलली तर बाई म्हणाली, डो स्टडी शी. तिच्याकडे नका लक्ष देऊ.

पहिली गोष्ट तिला कळली ती ही, की मूल नव्हतं. कधीच नव्हतं. गुडघ्यावरची खपली, वेण्या, वही, काही नव्हतं. ती डबा बंद करून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली, आणि रडताना तिला नीट कळत होतं की ती एका पोरासाठी रडते आहे, जे तिच्या चुकीच्या भाषांतरात जन्मलं आणि बरोबर भाषांतरात मेलं. बाहेर आल्यावर निवृत्ती म्हणाला, "मॅडम, बरं वाटंना काय? घरी जावा, मी बघतो पान." ती म्हणाली, "डोळ्यात काय तरी गेलं." आणि तिने ते पान पुरं केलं, त्यात एकही चूक राहिली नाही. वाक्याचा उरलेला अर्थ तिच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. शुक्रवारी बस पर्वरीच्या चढावर अडकली होती आणि पुढच्या बाईच्या मानेवरचं गळू बघता बघता तिला एकदम समजलं की 'शी' कोण. त्या बाईने विचारलं असणार, तीच का पुन्हा? आणि गौरेश म्हणाला होता, तिच्याकडे नको लक्ष देऊस ग, ये, जेव. गर्ल ती होती, जेवायला बोलावलेली. आणि शी म्हणजे म्हापशाच्या फ्लॅटमध्ये राहणारी, तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलेली, वांग्याच्या राहून गेलेल्या सालीएवढी. तिला राग यायला हवा होता. राग यायला आधी त्या वाक्यात माणूस म्हणून तरी असावं लागतं.

दहा डिसेंबरला तो आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, तोंडावर तकाकी होती. "तू बारीक झालीस," तो म्हणाला. "तुम्ही बसा, पाणी आणते," ती म्हणाली. असे नऊ दिवस गेले. सेजल दोन दिवस येऊन गेली, बापलेक इंग्रजीत बोलली. एकोणिसाव्या तारखेच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, तो गॅलरीत कदेलावर बसून नखं कापत होता. सुलक्षा बडीशेप घेऊन गेली. तिने काही ठरवलं नव्हतं. वाटी त्याच्या हातात देताना तिच्या तोंडून निघालं, "तां कोण?"

त्याने मान वर केली. नखाचा तुकडा त्याच्या लुंगीवर पडला.

"तुझ्या घरात आसा तां," ती म्हणाली. "नांव कितां ताचां?"

खालून स्कूटर गेली. मग त्याचे खांदे सैल झाले, ओझं उतरवलेल्या हमालाचे होतात तसे, आणि तो म्हणाला, "सुमिंत्रा." आणि जरा थांबून, "सुमित्रा न्हय. थंय सुमिंत्रा म्हणटात."

"चुकीचां आसा."

"चुकीचेंच बरें दिसता तें," तो म्हणाला, आणि कसनुसा हसला.

मग तो बोलत सुटला. दहा वर्षांचं, एका दमात, डिचोलीच्या त्या नाकातल्या बोलीत, मध्ये मध्ये तिचे कोरगावचे शब्द येत होते, जे त्याला आठवतात हे तिला माहीत नव्हतं. सुमिंत्राचं कोपऱ्यावर छोटं वाणसामानाचं दुकान; तिथे अशा दुकानाला पार्लर म्हणतात, त्याला काय ठाऊक. पहिल्याच आठवड्यात पाटी बघून हा आत शिरला आणि खुर्चीवर बसून म्हणाला, केस काप. "तें म्हाका पळयत रावलें गो. मागीर भितर गेलें, आनी पतंग कापपाची कातर घेवन आयलें!" पतंगाच्या सणाला कागद कापायची कात्री होती ती. आणि तिने खरंच कापले, एका बाजूचे वर, एका बाजूचे खाली, आणि खाणीवर आठ दिवस सगळे हसत होते. हे सांगताना तो डोक्यावर हात फिरवून दाखवत होता, आणि सुलक्षा हसली. ती पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांत पाणी येईतो. तीही आणि तोही. शेजारची पार्वतीबाई गॅलरीत कपडे काढायला आली होती, तिने वळून बघितलं आणि कौतुकाने मान हलवली. हसू ओसरल्यावर सुलक्षाला समजलं की आपण काय केलं, पण तोवर होऊन गेलं होतं. तो पुढे सांगत होता: ती विधवा आहे, दोन नातवंडं आहेत, ती तिला आजी म्हणतात. आपल्यासारखंच, आजी. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा तो दुकानाच्या पायरीवरच बसून राहिला होता.

"माका आदीं सांगूंक जालां नाय?" तिने विचारलं.

"कशें सांगूं?" तो म्हणाला. "ह्या भाशेन तुजेकडे फट मारूंक येना म्हाका. मराठीतल्यान येता. म्हण तशें उलयतालों." खोटं बोलता येत नाही म्हणून भाषा बदलली होती, एवढंच. सहज सांगितलं त्याने, पाय दुखतो म्हणून चप्पल बदलली अशा थाटात. मग त्याने बाकीचंही सांगितलं. तिथे कायमचं राहायचे कागद झाले आहेत. ही फेरी शेवटची. हा फ्लॅट तिचा, तिच्याच नावावर राहील. सेजलला माहीत आहे, दोन वर्षांपासून. सेजल सुमिंत्राशी फोनवर बोलते, वांग्याचं काहीतरी करायला शिकली तिच्याकडून.

"सेजल ताच्याकडे खंयचे भाशेन उलयता?" सुलक्षाने विचारलं.

"ताच्याच," तो म्हणाला, अभिमानाने. "बरें येता तिका. आमच्यापरस बरें."

उरलेले दिवस ते दोघे घरच्या भाषेत बोलले. आता लपवायला काही नव्हतं. तो दारातून ओरडायचा, "सुलक्षा, मीठ खंय दवरलां गो?" आणि तीही 'तूं' म्हणायची. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या वयात काय जोडपं आहे. पहिले दोन-तीन दिवस ती वाट बघत होती, तो चुकून तरी 'जेवलें?' म्हणेल. तो दर वेळी "जेवली?" म्हणायचा. चूक होत नव्हती. 'तें' फक्त सुमिंत्रा होती: तें निजलां आसतलें आता, तें फोन करतलें. सुलक्षाच्या कानात अठरा वर्षांची मुद्रितशोधक बसलेली होती, तिला यातला एकही प्रत्यय निसटत नव्हता. त्याला आपण काय म्हणतो याचा पत्ताही नव्हता, आणि म्हणूनच ते खरं होतं.

सात जानेवारीला दुपारचं विमान होतं, मोप्याच्या पठारावरच्या नव्या विमानतळावरून. ती सोडायला गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. त्या पठारावर तिच्या मामाची काजूची झाडं होती, लहानपणी मे महिन्यात ती तिथे बोंडं वेचायला यायची, हात डिंकाने काळे व्हायचे. आता तिथे काचा होत्या, आणि काचांच्या आत थंड हवा. दारापाशी गौरेश थांबला. काही म्हणावं असं दोघांनाही वाटलं असावं. "येतां," तो म्हणाला. जाताना आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत म्हणून. ती म्हणाली, "यो." तिकीट तपासणाऱ्या शिपायाने त्याला हिंदीत काहीतरी विचारलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं आणि तो आत गेला.

बाहेर ऊन होतं. टॅक्सीवाला पुढे आला, तिशीतला, पांढऱ्या शर्टातला. "मॅडम, किधर जाना है?"

"म्हापसा," ती म्हणाली. "कितना लोगे?"

त्याने सांगितलं, तिने मान डोलावली आणि मागे बसली. गाडी पठार उतरू लागली. "मॅडम, गोवा घूमने आये?" त्याने आरशातून विचारलं. ती "नहीं, काम था" म्हणाली. तो म्हणाला, अभी बहुत रश है, दिसंबर में तो पूछो मत. ती म्हणाली, हाँ, गर्मी भी है. त्याचं हिंदी खडबडीत होतं, तिचंही, आणि दोघेही ते काळजीपूर्वक पुढे सरकवत होते. धारगळच्या पुढे त्याचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, आणि त्याचा आवाज एकदम खाली बसला, ढिला पडला.

"येतंय गो, येतंय. म्हापशाचां भाडां आसा, सोडून येतंय. तू जेवान घे. माझी वाट बघूं नको. चेडूं खंय गेलां? रडतां कित्याक? दी तेका फोन." मग तो हसला, आणि अगदी हळू, गाडी चालवता चालवता, फोनमध्ये काहीतरी बोबडं बोलत राहिला.

कोरगावचा असेल, किंवा पलीकडच्या पार्श्याचा. एक वाक्य टाकलं असतं तर कुणाचा कोण ते निघालं असतं, आडनावं निघाली असती, मामाचं नाव निघालं असतं. सुलक्षाने तोंड उघडलं. गाडी कोलवाळच्या पुलावर आली होती, खाली नदी पसरट, चकचकीत, आणि तिच्या जिभेवर पहिला शब्दसुद्धा तयार होता. त्याने फोन ठेवला आणि आरशात बघून म्हणाला, "सॉरी मॅडम, घर से था."

"कोई बात नहीं," ती म्हणाली.

म्हापशाच्या बाजारापाशी गर्दी होती. घर अजून पुढे होतं, पण तिने पर्स उघडली आणि पुढे वाकून म्हणाली, "बस भैया, इधर ही छोड़ दो."